कॉर्डोबाचा सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या खानदानी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक व्हिडिओ फिरून येतो. लाल-पांढऱ्या कमानींची न संपणारी रांग, मागे कुणाचा तरी भरल्या गळ्याचा आवाज आणि खाली ओळ : 'ही मशीद आपली होती.' लगेच रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. मग कुणीतरी लिहितं, की लंडन चिखलात लोळत होतं तेव्हा आपल्या कुर्तुब्याच्या रस्त्यांवर दिवे जळत होते. कुणी 'इन्शाअल्लाह, एक दिवस परत' असं लिहितं. दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात आणि गॅस सिलिंडरच्या भावावर बोलू लागतात.

मी हे व्हिडिओ पुढे पाठवलेले आहेत. त्याहून जास्तही केलं आहे. २४ जुलै २०२० रोजी इस्तंबूलच्या आयासोफियात, संग्रहालय रद्द करून, पुन्हा नमाज सुरू झाली, तेव्हा मी स्टेटसला तिचा फोटो ठेवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका सहकाऱ्यांचा फोन आला. आम्ही दोघंही इतिहास शिकवतो. टोमणा मारणारा हा माणूस नव्हे. ते म्हणाले, "मॅडम, तिथे झालं ते बरोबर असेल, तर इथे जे मागतात ते चूक कसं? मला खरंच समजून घ्यायचंय."

मी काहीतरी बोलले. तिथली परिस्थिती वेगळी, इथली वेगळी, असं काहीतरी. बाराच दिवसांनी, ५ ऑगस्टला, अयोध्येत भूमिपूजन झालं. त्या दिवशी मी स्टेटसला काही ठेवलं नाही.

त्या फोनचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही कॉर्डोबात. म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते : कॉर्डोबाकडे आपण हरवलेली मालमत्ता म्हणून बघतो, आणि असं बघून आपण स्वतःच्याच पायाखालची जमीन खणतो.

खांब कुणाचे?

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे गेले तेव्हा कॉर्डोबाचा हट्ट धरला. वेगवान रेल्वेने पावणेदोन तास लागतात. पुढे-मागे कुणी जाणार असेल तर सांगते, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात मेस्कितात तिकिटाशिवाय सोडतात. अट एकच, शांतता पाळायची. मेस्किता म्हणजे स्पॅनिशमध्ये मशीदच. तिथे जवळजवळ आठशे वर्षं ख्रिस्ती उपासना चालते, तरी गावाच्या तोंडून ते नाव गेलेलं नाही.

अंगणात संत्र्याची झाडं फळांनी लगडली होती. आत शिरलो. व्हिडिओत दिसतं ते काहीच नाही. ८५६ खांब. जिकडे बघाल तिकडे खांबांच्या वाटा पसरत जातात आणि प्रत्येक पावलाला नवी वाट उघडते. मिहराबसमोर पोहोचले आणि मला रडू आवरेना. हे लपवण्यात अर्थ नाही. १९३३ मध्ये अल्लामा इक्बाल इथे नमाज पढले, त्यांचा तो फोटो आमच्या घरी अब्बांच्या एका पुस्तकात होता. लहानपणापासून बघितलेल्या फोटोत आपण स्वतः उभं असल्यासारखं वाटलं.

पण साडेनऊपर्यंत वेळ होता. डोळे पुसून झाल्यावर मी इतिहासाच्या बाईसारखं बघायला लागले.

खांब एकसारखे नाहीत. कुठला राखाडी, कुठला तांबूस, कुठला उंच, कुठला ठेंगणा. वरची कोरीव शीर्षंही एकमेकांशी जुळत नाहीत. कारण अब्दुर्रहमान पहिल्याने ७८५-८६ च्या सुमारास बांधकाम काढलं तेव्हा त्यातले बहुतेक खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे आणून उभे केले. छताला लागणारी उंची त्या खांबांना नव्हती, म्हणून कमानीवर कमान चढवली. जगाला वेड लावणारी ती दुहेरी कमान मुळात एका अडचणीतून काढलेला मार्ग आहे. मिहराबभोवतीचं सोनेरी मोझॅक अल-हकम दुसऱ्याच्या काळातलं, दहाव्या शतकातलं. त्यासाठी कारागीर आणि काचेचे तुकडे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने पाठवले होते. अक्षरं कुराणातली, हुन्नर बायझंटाइन.

आणि जमिनीत एका ठिकाणी चौकोन उघडा ठेवला आहे. खाली वाकून बघितलं की मशिदीच्या आधीच्या काळातलं मोझॅक दिसतं. जुने अरब इतिहासकारच सांगतात, की या जागी सेंट व्हिन्सेंटचं चर्च होतं, आधी ते दोन्ही धर्मांनी वाटून घेतलं, नंतर अब्दुर्रहमानने मोबदला देऊन ख्रिस्ती लोकांचा हिस्सा घेतला आणि चर्च पाडून मशीद बांधली. खाली नेमकं काय होतं यावर पुरातत्त्वाचे अभ्यासक आजही भांडतात. पण ही गोष्ट आपल्याच लोकांनी, आपल्याच भाषेत, अभिमानाने लिहून ठेवली आहे, हे कसं नाकारणार?

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आपा, खांब रोमन, मोझॅक बायझंटाइन, जागा चर्चची. मग आपलं नक्की काय?"

मी म्हटलं, "मांडणी." आणि ते काही कमी नाही. भंगलेल्या, उंचीला न जुळणाऱ्या खांबांतून अशी जागा उभी करणं, ज्याचं जे चांगलं असेल ते लाज न बाळगता घेणं, हाच तर त्या कॉर्डोबाचा मोठेपणा. पण हा मोठेपणा 'आमचं, फक्त आमचं' म्हणणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. जी इमारत चार जणांच्या हातांनी उभी राहिली, तिच्या सातबाऱ्यावर एकाच खातेदाराचं नाव कसं लागेल?

तीस युरोंची नोंद

सातबारा हा शब्द मी उगाच वापरत नाही. ही नोंद खरोखर झाली आहे, आणि ती आपण केलेली नाही.

२९ जून १२३६ रोजी कास्तीलच्या फर्नांदो तिसऱ्याने कॉर्डोबा घेतलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं इमारत बरीचशी तशीच राहिली. १५२३ मध्ये बिशपनी ठरवलं की मधले खांब काढून तिथे नवं उंच कॅथेड्रल उभारायचं. त्याला विरोध कुणी केला? गावच्या नगरसभेने. ख्रिस्ती नगरसभेने, ख्रिस्ती बिशपला. 'जो गवंडी या पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड' इथपर्यंत तिने फर्मान काढलं. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं. त्याने बिशपच्या बाजूने निकाल दिला. नंतर त्याने स्वतः येऊन बघितलं तेव्हा 'जगात कुठेही नाही ते मोडलंत आणि कुठेही असतं ते बांधलंत', अशा अर्थाचं तो पस्तावून बोलला, अशी आख्यायिका आहे. आज त्या खांबांच्या जंगलात मधोमध ते कॅथेड्रल उभं आहे. सुंदर आहे. पण कुणीतरी बोलत असताना मध्येच मोठ्याने बोलावं, तसं वाटतं.

आता २००६ मध्ये या. त्या वर्षी कॉर्डोबाच्या धर्मप्रांताने ही इमारत सरकारी मालमत्ता-नोंदणीत स्वतःच्या नावावर केली. खर्च आला ३० युरो. खरेदीखत लागलं नाही. जुन्या फ्रँको राजवटीतल्या एका कायद्यात १९९८ मध्ये बदल झाला होता, त्यामुळे चर्चच्या अधिकाऱ्याने 'हे आमचं' असं प्रमाणित केलं की पुरत होतं. हा मार्ग २०१५ मध्ये बंद झाला, तोवर देशभरात सुमारे ३५ हजार मालमत्ता अशा रीतीने चर्चच्या नावे लागल्या होत्या. कॉर्डोबात याच काळात पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून आणि तिकिटांवरून 'मेस्किता' हा शब्द मागे पडत गेला. २०१४ मध्ये तर गूगलच्या नकाशावरही नुसतं 'कॉर्डोबा कॅथेड्रल' उरलं होतं.

मग? कुठला सुलतान धावून आला? कुणीही नाही. कॉर्डोबाचेच नागरिक उठले. वकील, शिक्षक, इतिहासकार, दुकानदार, बहुतेक जन्माने ख्रिस्ती. लाखो सह्या गोळा झाल्या. नकाशावरचं नाव परत आलं. २०१६ मध्ये माहितीपत्रकांवर 'मशीद-कॅथेड्रल' हे जोडनाव पुन्हा छापलं गेलं. मालकीचा वाद मिटलेला नाही. पण या लोकांची मागणी नीट ऐका. 'मशीद मुसलमानांना परत द्या' असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात : ही इमारत सगळ्यांची आहे, तिची मालकी सार्वजनिक असावी आणि तिची पूर्ण गोष्ट सांगितली जावी.

स्पेनमधल्या मुस्लिमांच्या एका संघटनेने २००६ मध्येच पोपना पत्र लिहून विनंती केली होती, की इथे ख्रिस्ती लोकांबरोबर आम्हालाही प्रार्थना करू द्या, ताबा नको. चर्चने नकार दिला. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या मुस्लीम तरुण पर्यटकांपैकी काहींनी आत नमाज सुरू केली. सुरक्षारक्षकांशी झटापट झाली, दोघांना अटक झाली. आपल्या ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ या तरुणांना वीर ठरवतात. त्या पत्राची आठवण कुणी काढत नाही. पत्रात विनंती होती, झटापटीत दावा होता. आपल्याला दावा जास्त आवडतो.

मी मिहराबसमोर नमाज पढले नाही. मनात आलं होतं. पण नमाजला स्वच्छ जागा पुरते, मालकीचा पुरावा लागत नाही. ज्या घटकेला मी सजदा पुरावा म्हणून वापरते, त्या घटकेला तो सजदा राहत नाही.

पुलापलीकडे

मेस्कितातून उतरलं की रोमन पूल लागतो. खाली ग्वादालकिवीर नदी, हे नावसुद्धा 'वादी अल-कबीर'चं बिघडलेलं रूप. पूल ओलांडून सगळे पर्यटक मागे वळतात आणि फोटो काढतात : नदी, पूल, मागे मेस्किता. आम्हीही काढला. पुलाच्या त्या टोकाला, जिथे आपण फोनची उंची जुळवत उभे असतो, तिथे एकेकाळी शकुंदा नावाची वस्ती होती. ८१८ मध्ये तिथल्या लोकांनी करांविरुद्ध आणि जुलमाविरुद्ध बंड केलं. अमीर अल-हकम पहिल्याने ते चिरडलं. तीनशे जणांना नदीकाठी सुळावर चढवल्याचं इतिवृत्तं सांगतात. उरलेल्यांना हाकलून दिलं, वस्ती नांगर फिरवून सपाट केली. ती माणसं भटकत कुणी फेझला, कुणी अलेक्झांड्रियामार्गे क्रीट बेटावर पोहोचली. मारणारा मुसलमान, मरणारे मुसलमान. या निर्वासितांवर व्हिडिओ का निघत नाही? कारण त्यात शत्रू दाखवता येत नाही.

घंटांचीही गोष्ट घ्या. ९९७ मध्ये सेनापती अल-मन्सूरने सांतियागोवर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावर लादून कॉर्डोबाला आणल्या आणि मशिदीत दिव्यांसाठी टांगल्या. १२३६ मध्ये फर्नांदोने त्या उतरवल्या आणि मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर लादून सांतियागोला परत पाठवल्या. इतिवृत्तं या दोन्ही घटना विजय म्हणून नोंदवतात. ज्यांच्या खांद्यांची सालं निघाली त्यांची नावं दोन्हीकडे नाहीत. आपण अल-मन्सूरच्या बाजूने टाळ्या वाजवतो, ते फर्नांदोच्या. त्या ओझ्याखालच्या माणसाच्या बाजूने कोण?

अलकाझार महालासमोर एक मैदान आहे, कांपो सांतो दे लोस मार्तिरेस, हुतात्म्यांचं पवित्र मैदान. नवव्या शतकात, ८५० पासून दहाएक वर्षांत, इस्लामचा जाहीर अवमान केला किंवा इस्लाम सोडला म्हणून ज्या ख्रिस्ती लोकांना कॉर्डोबात देहदंड झाला, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. त्याच मैदानाखाली खलिफांचा हमाम आहे, तिकीट काढून बघता येतो. त्याच मैदानात एकमेकांना जेमतेम स्पर्श करणाऱ्या दोन हातांचं स्मारक आहे, वल्लादा ही कवयित्री आणि कवी इब्न झैदून यांच्या प्रेमाचं. वल्लादा अकराव्या शतकातली, खलिफाची मुलगी, स्वतःच्या घरी कवींच्या मैफली भरवायची. आणि समोरच्या अलकाझारमध्ये पुढे इन्क्विझिशनचा मुक्काम होता. एका चौकात उभं राहून डोकं फिरवलं की एवढं सगळं दिसतं. यातला एकच कोपरा कापून व्हिडिओ बनवणाऱ्याने आपल्याला इतिहास दिलेला नाही, नशा दिली आहे.

गावाबाहेर आठेक किलोमीटरवर मदीना अझहाराचे अवशेष आहेत. अब्दुर्रहमान तिसऱ्याने ९३६ च्या सुमारास वसवलेली राजनगरी. २०१८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे आणि अजून तिचा सुमारे दहावा भागच खणून झाला आहे. ती कुणी उद्ध्वस्त केली? ग्रुपवर विचारलंत तर नव्वद टक्के उत्तर येईल : ख्रिस्त्यांनी. नाही. आपसातल्या यादवीत, १०१० च्या सुमारास, खिलाफतीच्याच बर्बर सैनिकांनी लुटून जाळली. जिच्या वैभवाच्या आठवणीने आपण रडतो, ती पाऊणशे वर्षंसुद्धा धड उभी राहिली नाही, आणि तिला बुडवायला परका कुणी लागला नाही.

इथे कुणी म्हणेल, बाई दुसऱ्याच टोकाला गेल्या. तसं नाही. दुःख खोटं नाही. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडल्यावर दिलेली वचनं मोडली गेली, सक्तीची धर्मांतरं झाली, अरबी पुस्तकांची होळी झाली, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को लोकांना, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायला लावलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, त्यांच्या जन्मभूमीतून हाकलून दिलं. त्याच १४९२ मध्ये यहुद्यांनाही हाकललं. कॉर्डोबाच्या जुन्या यहुदी वस्तीत १३१५ चं छोटंसं सिनगॉग उरलं आहे. हकालपट्टीनंतर त्याचं रुग्णालय झालं, मग चांभारांच्या संघाची प्रार्थनाजागा झाली. हे सगळं सांगितलंच पाहिजे. पण जो आपली जखम दाखवतो आणि आपल्या हातची सुरी लपवतो, त्याच्या जखमेवर जग विश्वास ठेवत नाही.

इब्न रुश्दचं काय केलं?

जुन्या तटाच्या भिंतीलगत, पाण्याच्या काठाशी, इब्न रुश्द बसला आहे. हातात पुस्तक. युरोप त्याला आव्हेरोएस म्हणतो. ११२६ मध्ये याच गावात जन्म. घराणं काझींचं, तो स्वतः सेव्हिलचा आणि मग कॉर्डोबाचा काझी. शरियतवरचा त्याचा 'बिदायतुल मुजतहिद' आजही मदरशांत शिकवला जातो. अ‍ॅरिस्टॉटलवरच्या त्याच्या भाष्यांनी पॅरिसची विद्यापीठं ढवळून काढली. त्याने 'फस्लुल मकाल'मध्ये सवाल केला, की तर्काने विचार करणं शरियतमध्ये मना आहे, चालेल, की फर्ज आहे? आणि कुराणाच्याच आधारे उत्तर दिलं, ज्याची कुवत आहे त्याच्यावर फर्ज आहे. प्लेटोवर लिहिताना तो म्हणून गेला, की आपल्या शहरांत बायकांना मुलं जन्माला घालण्यापुरतं आणि वाढवण्यापुरतं ठेवलंय, त्यामुळे त्यांची कुवत काय हे कळतच नाही, आणि आपल्या दारिद्र्याचं हेही एक कारण आहे. बाराव्या शतकात. आपल्यातल्या किती जमातींच्या बैठकीत हे वाक्य आज मोठ्याने म्हणता येईल?

आपण ग्रुपवर याचाच फोटो टाकून 'आमचा इब्न रुश्द' म्हणतो. मग पुढचंही वाचू. ११९५ मध्ये, वयाच्या सत्तरीला आलेल्या या माणसावर धर्माच्या विरोधात लिहिल्याचा ठपका ठेवून, मुसलमान खलिफाच्या हुकमाने, त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली गेली आणि त्याला लुसेनाला हद्दपार केलं गेलं. त्याच्या आधी अल-मन्सूरने धर्मपंडितांना खूश करायला अल-हकमच्या ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची आणि खगोलाची पुस्तकं त्यांच्या हवाली करून नष्ट करवली होती. कॉर्डोबाच्याच इब्न हझमची पुस्तकं सेव्हिलच्या मुसलमान राजाने जाळली. सिनगॉगजवळ ज्याचा पुतळा आहे आणि पर्यटक ज्याचा पाय चोळून जातात, तो यहुदी तत्त्वज्ञ मुसा इब्न मैमून लहानपणीच कुटुंबासह गाव सोडून गेला, कारण ११४८ मध्ये आलेल्या अल-मुवाहिद राजवटीने त्याच्या धर्माला जागा ठेवली नाही.

इब्न रुश्दची बरीच पुस्तकं आज अरबीत सापडतच नाहीत. प्लेटोवरचं ते भाष्य, बायकांविषयीच्या त्या विचारांसकट, हिब्रू भाषांतरामुळे वाचलं. म्हणजे आपल्या माणसाचे शब्द यहुद्यांनी आणि ख्रिस्त्यांनी सांभाळले, आणि आपण व्हिडिओत त्यांनाच चोर म्हणतो.

मला खरा प्रश्न इथे पडतो. आज तुमच्या मोहल्ल्यात एक इब्न रुश्द निघाला, तर? समजा ती कॉलेजात जाणारी मुलगी आहे. जुम्म्याच्या बयानावर ती शंका विचारते, तलाकवर, वाटणीवर, मुलींच्या शिक्षणावर बोलते. आपण तिला काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. 'जास्त शिकली.' 'त्यांच्या नादी लागली.' कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी मराठीत हेच प्रश्न विचारले तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आठशे वर्षांपूर्वीच्या, हजारो मैलांवरच्या विचारवंताचा अभिमान फुकट असतो. शेजारच्या गल्लीतल्या विचारवंताला चहा पाजायला हिंमत लागते.

आणि इथे?

आता त्या फोनकडे येते.

'ही मशीद आपली होती, परत हवी.' हे वाक्य कॉर्डोबाबद्दल म्हणताना आपण कोणतं तत्त्व मान्य करतो? की जुना मालक हाच खरा मालक. की ज्याच्या पूर्वजांची इमारत पाडली किंवा बदलली गेली, त्याच्या वंशजांनी शेकडो वर्षांनी येऊन हिशोब चुकता करावा. हे तत्त्व एकदा मान्य केलंत की ते कॉर्डोबात थांबत नाही. मग सेंट व्हिन्सेंटच्या चर्चचं काय? आयासोफिया तर आधी नऊशे वर्षं चर्च होतं, त्याचं काय? आणि इथे, आपल्या देशात, रोज एका मशिदीखाली काहीतरी शोधायला निघालेल्यांना आपण कोणत्या तोंडाने अडवणार? ते नेमकं आपलंच वाक्य बोलताहेत. फक्त नावं बदलून.

त्यांना अडवायला आपल्याकडे एकच भक्कम गोष्ट आहे : १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे स्थळ ज्या धर्माचं होतं ते त्याच धर्माचं राहील, असं तो सांगतो. अयोध्येचा अपवाद सोडून. हा कायदा मुसलमानांवरचा उपकार नाही. भूतकाळातले हिशोब आता वर्तमानात वसूल करायचे नाहीत, हा देशाने सगळ्यांसाठी घातलेला बांध आहे. बांधाच्या एका बाजूला उभं राहून आपण पाणी अडवा म्हणतो, आणि व्हिडिओ पुढे पाठवून दुसऱ्या बाजूने त्याला भोक पाडतो.

मी मुलांना सहलीला दौलताबादला नेते. किल्ल्यात १३१८ ची मशीद आहे. तिचे खांब आधीच्या मंदिरांचे. तिच्या मिहराबच्या जागी आज भारतमातेची मूर्ती आहे. कॉर्डोबात जाऊन आल्यापासून मी तिथे मुलांना घाईने पुढे नेत नाही. त्यांना खांब दाखवते, मिहराब दाखवते, मूर्ती दाखवते, आणि प्रत्येक गोष्ट केव्हा आली ते सांगते. वर्गात सलमा असते, संकेत असतो. दोघांनाही काहीतरी टोचतं, आणि दोघांनाही एकच गोष्ट ऐकावी लागते. फलकावर पूर्ण गोष्ट लिहा, काही लपवू नका, आणि आहे ते पाडू नका : कॉर्डोबाचे नागरिक हेच तर मागतात. आपण त्यांच्या बाजूचे आहोत की त्यांच्या बिशपच्या? 'हे फक्त आमचं' हे बिशपचं वाक्य आहे. ते अरबीत म्हटलं म्हणून पाक होत नाही.

परत आल्यावर मी त्या सरांना भेटले. म्हटलं, "सर, तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर होता. माझं ते स्टेटस चूक होतं. आयासोफिया संग्रहालयच राहायला हवं होतं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता मलाही आमच्या ग्रुपवर हेच बोलावं लागेल, मॅडम. आणि ते सोपं नाही." मला माहीत आहे, सोपं नाही. मीही अजून आमच्या ग्रुपवर सगळं बोललेले नाही. हा लेख टाकेन तेव्हा काय होईल याची धास्ती आहेच.

इब्न रुश्द ११९८ मध्ये मराकेशला वारला. आधी तिथेच पुरला, मग काही महिन्यांनी त्याचं शव कॉर्डोबाला आणलं गेलं. सूफी विचारवंत इब्न अरबी तेव्हा हजर होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की जनावराच्या पाठीवर एका बाजूला ताबूत होतं आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्याची पुस्तकं बांधली होती.

तो व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर पुन्हा येईल. या महिन्यात नाही तर पुढच्या. तेव्हा रडका चेहरा टाकू नका. खाली एवढंच विचारा : हे खांब कुणाचे होते, शकुंदा कुठे होती आणि इब्न रुश्दची पुस्तकं कुणी जाळली? उत्तर आलं नाही तरी चालेल. कुणीतरी एखादा भाचा, एखादी पुतणी खासगीत विचारेल, 'हे इब्न रुश्द कोण?' तिला सांगायची तयारी ठेवा.